ओझे कोणाचे, वाट कोणाची?

नायगावच्या बी.डी.डी. चाळींत आमचे एक अभ्यास मंडळ आहे. मंडळ हा शब्द मोठा झाला. दर रविवारी सकाळी एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत दाटीवाटीने बसणारी दहा-पंधरा मुले-मुली, एवढाच त्याचा पसारा. बाहेर पुनर्विकासाच्या क्रेनचा घरघराट चालू असतो आणि आत आम्ही वाचत असतो. एका रविवारी तारापूरच्या विस्थापित गावांवर बोलणे चालले होते. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी कशी उठली, मच्छीमारांना समुद्रापासून दूर नेऊन कसे वसवले, हे मी सांगत होतो. तेव्हा बारावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, गाव उठवले ते कळले. पण भट्टीतून जे जळून निघते, ते कुठल्या रस्त्याने जाते? आणि त्या रस्त्यावरच्या लोकांना कोणी सांगते का?"

प्रश्नाच्या पहिल्या भागाला मी काहीबाही उत्तर दिले. दुसऱ्या भागाचे उत्तर एका शब्दात देता आले असते. पण तो शब्द उच्चारताना मला जाणवले की हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा नाही, आपल्या इतिहासाचा आहे. म्हणून हा लेख.

माझा आजा खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी तराळकी करी. वतनी महाराच्या कामांची यादी कोणत्याही जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते, पण ती वाचताना एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. त्यातली बहुतेक कामे ही वाहतुकीची कामे आहेत. मेलेले ढोर गावाबाहेर ओढत न्यायचे. मयताची वर्दी परगावी पोहोचवायची. गावचा सरकारी भरणा तालुक्याच्या कचेरीत नेताना बरोबर चालायचे. साहेब दौऱ्यावर आला की त्याचे सामान पुढच्या गावच्या वेशीपर्यंत न्यायचे. गावाला जे जड, जे अशुभ, जे धोक्याचे वाटे, ते सारे महाराच्या डोक्यावर. आणि ह्या सगळ्यात त्याला एकाही गोष्टीचा निर्णय नव्हता. काय वाहायचे, कधी वाहायचे, कुठे नेऊन टाकायचे हे पाटील-कुलकर्ण्यांनी सांगायचे आणि त्याने चालू लागायचे. आजा सांगे की ढोर कशाने मेले हेसुद्धा कोणी सांगत नसे. रोगाने मेले असेल तर ओढणाऱ्यालाच पुढे कळायचे.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला जी परिषद झाली, तिचे नाव निघाले की आपण चवदार तळ्याबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच परिषदेच्या आगेमागे मेलेली ढोरे ओढायची नाहीत हा जो निर्धार गावोगाव पसरला, त्याचे मोल मला तळ्याहून कमी वाटत नाही. पाणी पिणे हा हक्क घेण्याचा भाग होता, ओझे टाकून देणे हा नकाराचा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यातही मूळ मुद्दा हाच होता की कामाचे स्वरूप, वेळ आणि मोबदला ठरलेला नसलेले काम म्हणजे गुलामी. महार वतन कायद्याने संपायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले. माझ्या आजाने त्याच्या दोन वर्षे आधीच, धर्मांतराच्या वर्षी, काठी टाकली होती. नंतर तो मुंबईला आला.

मुंबईत काय होते? १९२० नंतरच्या काही वर्षांत मुंबई विकास खात्याने, म्हणजे बी.डी.डी.ने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे चाळी बांधल्या. नायगावात बेचाळीस. गिरणीतले, गोदीतले, रेल्वेतले आणि नगरपालिकेच्या सफाईतले आपले लोक त्यांत आले. ह्याच परळ-दादरच्या पट्ट्यातून मुंबईचा दुसराही एक इतिहास जातो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून महालक्ष्मीहून शहराचा कचरा रेल्वेच्या डब्यांत भरून कुर्ल्यावरून चेंबूर-देवनारच्या दलदलीत नेला जाई. कचऱ्याची म्हणून एक आगगाडी होती! डबे भरणारे कोण आणि रिकामे करणारे कोण, हे नायगावच्या वाचकाला सांगायला नको. गावात महारवाडा गावकुसाबाहेर असतो. शहराने आपले गावकूस पूर्वेला खाडीपर्यंत सरकवले, एवढाच फरक. आधी तिकडे कचरा गेला, मग कत्तलखाना गेला, मग शहरातून हुसकलेली माणसे गेली.

आणि त्याच बाजूला, ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याशी, १९५४ साली देशाचे अणुसंशोधन केंद्र उभे राहू लागले. १९५६ च्या ऑगस्टमध्ये 'अप्सरा' ही आशियातल्या सुरुवातीच्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी तिथे चालू झाली. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा कारखानाही तिथे चालू झाला. म्हणजे ज्याला आज आपण अणुकचरा म्हणतो, तो मुंबईच्या हद्दीत साठ वर्षांहून अधिक काळ आहे.

ह्या केंद्राच्या शेजारी जनता कॉलनी होती. स्वातंत्र्याच्या सुमारास शहरातल्या झोपड्या हलवून नगरपालिकेनेच ती मानखुर्दला वसवली होती. तिच्या इतिहासातला एक प्रसंग आपल्या विषयाशी इतका निगडित आहे की तो सविस्तर सांगतो. कॉलनीतला कचरा कोणी उचलत नसे. १९६० च्या दशकात तिथे जॉकिन अर्पुथम नावाचा सुतारकाम करणारा एक तरुण राहायला आला. त्याने वस्तीतली मुले जमवली, प्रत्येकाच्या हाती कचऱ्याचे एकेक पुडके दिले आणि ती सारी मिरवणूक नगरपालिकेच्या कार्यालयासमोर नेऊन तिथे कचऱ्याचा ढीग घातला. अधिकारी धावले, बोलणी झाली, कचरा उचलला जाऊ लागला. ज्यांच्या दारात शहराने कचरा ठेवला, त्यांनी एका दिवसापुरती त्याची वाट स्वतः ठरवली. पुढे हाच तरुण राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाचा संस्थापक झाला, त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ साली तो वारला.

१९७० च्या सुमारास ही जागा अणुकेंद्राला हवी झाली. वस्तीने कोर्टकचेऱ्या केल्या, दिल्लीपर्यंत धडक मारली. मग आणीबाणी आली, आणि १७ मे १९७६ रोजी सत्तर हजारांच्या आसपास माणसांची ती वस्ती पाडून लोकांना ट्रॉम्बेतच खाडीकाठच्या दलदलीत, चीता कॅम्पात, नेऊन टाकले. माणसांची वाहतूक एका दिवसात झाली. त्यांच्याशी कोणती मसलत झाली, हे विचारण्याची तेव्हा सोय नव्हती. आणीबाणीतल्या अत्याचारांच्या याद्या आपले विचारवंत करतात तेव्हा तुर्कमान गेट आठवते. जनता कॉलनी क्वचितच आठवते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो.

अणुभट्टीत जळून झालेले इंधन म्हणजे राख नव्हे. ते दिसायला जवळजवळ आत टाकले तसेच, धातूच्या नळ्यांच्या जुडग्यासारखे असते. पण आता ते इतके किरणोत्सर्गी असते की उघड्यावर त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहणेही जिवावर बेतते. ते आधी काही वर्षे पाण्याच्या खोल टाक्यांत निवत ठेवतात. नंतर आपल्याकडे त्यावर पुनर्प्रक्रिया करतात. त्यातून कामाचा भाग निघतो, उरलेला थोडा पण अतितीव्र द्रव कचरा विशिष्ट काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात, आणि हे डबे हवेने निवत राहतील अशा जमिनीखालच्या कोठारात ठेवतात. तारापूरला ही सारी व्यवस्था आहे. खरेपणाने सांगायचे तर हा द्रव कचरा गावोगाव फिरवला जात नाही. जिथे प्रक्रिया होते तिथेच तो गोठवला जातो. प्रवास करते ते वापरलेले इंधन. तारापूरचे आरंभीचे दोन संच १९६९ साली अमेरिकेच्या मदतीने सुरू झाले. करारामुळे त्यांच्या इंधनावर अमेरिकेच्या संमतीशिवाय पुनर्प्रक्रिया करता येईना, म्हणून ते तिथेच टाक्यांत साठत राहिले. उलट राजस्थानातल्या रावतभाट्याच्या भट्टीचे वापरलेले इंधन तारापूरच्या कारखान्यात आणून १९८० च्या दशकात त्यावर प्रक्रिया झाली. रावतभाटा कुठे, तारापूर कुठे! मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात. भिल्लांचा मुलूख, मग वारल्यांचा. कुठल्याही वाटेने आणा, आदिवासी पट्टा चुकवून ते येऊच शकत नाही.

हे इंधन ज्या जाड पोलादी पिपातून नेतात, त्याची परीक्षा कडक असते. नऊ मीटरवरून न दबणाऱ्या पृष्ठभागावर आपटणे, लोखंडी खुंटावर पाडणे, आठशे अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास ठेवणे, पाण्यात बुडवणे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे हे निकष आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या वाहतूक संहितेतही आहेत. ही परीक्षा मी हसण्यावारी नेत नाही. ती माणसांनी विचार करून ठरवलेली आहे आणि जगभरचा अनुभव पाहता अशा पिपांनी आपले काम बरेचसे चोख केले आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. ही सारी तयारी पिपाची आहे. पीप रस्त्यात उलटले तर पहिल्यांदा जो तिथे पोहोचेल, म्हणजे पाड्यावरचा माणूस, टपरीवाला, ट्रकचा क्लीनर किंवा सरकारी दवाखान्यातली नर्स, त्याची तयारी कोणाच्या यादीत आहे?

हा कल्पनेतला धोका नाही. झारखंडात जादुगोड्याला युरेनियमच्या खाणी आहेत. भोवती हो, संथाळ, मुंडा लोकांची गावे. खनिजातून युरेनियम काढल्यावर उरणारा गाळ नळाने तलावांकडे नेतात. तीही कचऱ्याची वाहतूकच. २००६ च्या डिसेंबरात हा नळ डुंगरीडीह गावाजवळ फुटला आणि गाळ कित्येक तास ओढ्यात वाहत राहिला. तो पहिल्यांदा पाहिला आणि कळवला तो गावकऱ्यांनी. आणि हे गावकरी कोण? ज्यांच्या जमिनी त्याच गाळाच्या तलावांसाठी घेतल्या होत्या, त्यांतली कुटुंबे तिथे राहत होती. त्याआधी, १९९९ साली, श्रीप्रकाश ह्यांनी ह्या मुलखावर एक माहितीपट केला, त्याचे नाव 'बुद्धा वीप्स इन जादुगोडा'. बुद्धाचे नाव ऐकून आपल्यातल्या किती जणांनी तो पाहिला, हे मी स्वतःलाही विचारतो. मी तो फार उशिरा पाहिला.

दुसरा प्रसंग दिल्लीचा. २०१० साली मायापुरीच्या भंगारबाजारात एक यंत्र आले. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे बंद पडलेले, आत कोबाल्ट असलेले ते यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले होते. कामगारांनी ते हातांनी फोडले. कित्येक जण आजारी पडले, एक मेला. मेलेले ढोर कशाने मेले हे ओढणाऱ्याला न सांगण्याची रीत १९५८ साली संपली, असे कायदा म्हणतो.

ह्या सगळ्याच्या मुळाशी असलेला १९६२ चा अणुऊर्जा कायदा अशा घडणीचा होता की केंद्र सरकारला वाटेल ती माहिती रोखता येई. नियामक मंडळ १९८३ साली निघाले, पण ज्यांच्यावर देखरेख करायची त्यांच्याच वरिष्ठांना ते जबाबदार राहिले. २०१२ साली खुद्द महालेखापरीक्षकांनी ह्यावर बोट ठेवले. २०२५ च्या अखेरीस संसदेने नवा कायदा करून १९६२ चा कायदा बाजूला सारला आणि खासगी कंपन्यांना ह्या धंद्यात दार उघडले. म्हणजे येत्या काळात भट्ट्या वाढतील, भट्ट्यांबरोबर इंधनाचे प्रवास वाढतील, आणि प्रवास करवणारे नेहमी सरकारच असेल असे नाही.

अधिकारी मंडळींचा एक युक्तिवाद ठरलेला असतो: मार्ग जाहीर केला तर घातपाताचा धोका. युक्तिवाद पोकळ नाही. पण त्याचे उत्तर जगाने दिलेले आहे. अमेरिकेत १९८२ च्या अणुकचरा कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने अशी तरतूद झाली की ज्या राज्यांच्या आणि आदिवासी राष्ट्रांच्या हद्दीतून कचरा जाणार, त्यांच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला केंद्राने पैसे द्यावेत. २०१२ साली तिथल्या नियामकाने नियम केला की अशी खेप आदिवासींच्या राखीव प्रदेशातून जाणार असेल तर त्या आदिवासी शासनाला आगाऊ सूचना द्यायची. सूचना गुप्त राहते, पण मिळते. जिल्हाधिकारी गुपित राखू शकतो आणि वारल्यांचा सरपंच राखू शकत नाही, हे गृहीत आपल्याकडे कुठून आले? महाराच्या हाती सरकारी भरणा सोपवताना तर कोणाला त्याच्या इमानाची शंका आली नव्हती.

अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. त्याच देशाने १९८७ साली कायदा बदलून साऱ्या देशाच्या अणुकचऱ्यासाठी नेवाडातला युक्का डोंगर एकट्यानेच पुढे ठेवला, आणि तो डोंगर पश्चिम शोशोनी लोक १८६३ च्या तहाच्या आधारे आपला म्हणतात. न्यू मेक्सिकोत अण्वस्त्रांच्या कारखान्यांतला कचरा मिठाच्या थरात पुरण्याचे काम १९९९ साली सुरू झाले. पश्चिमेकडच्या राज्यांनी आधी भांडून रस्ते ठरवून घेतले होते, खराब हवेत गाडी कुठे थांबवायची तेही ठरवले होते, वाटेवरच्या अग्निशामकांना शिकवले होते. सांता फे शहराला धोका नको म्हणून शहराबाहेरून वळणरस्ता झाला. पण लॉस अलामॉसहून त्या वळणापर्यंतचा रस्ता सान इल्देफोन्सो आणि पोवाके ह्या आदिवासी गावांच्या जमिनीतूनच जातो. शहराला वळसा मिळाला, त्यांना प्रशिक्षण मिळाले. प्रशिक्षण मिळणे ही काही नसण्यापेक्षा बरी गोष्ट आहे. पण आपल्या वाट्याला बहुधा दुसरी गोष्ट येते, हे आपण ओळखून असावे.

ऑस्ट्रेलियात किम्बा गावाजवळ अणुकचऱ्याचे कोठार करायचे ठरले, तेव्हा नगर परिषदेने मतदान घेतले. ती जमीन परंपरेने ज्यांची, त्या बार्नगार्ला लोकांना त्यात मत नव्हते, कारण त्यांतले बहुतेक परिषदेच्या हद्दीत राहत नव्हते. ते तिथे का राहत नव्हते, हा प्रश्न मतदार यादी विचारत नाही. त्यांनी आपले वेगळे मतदान घेतले, त्यात कोठाराच्या बाजूने एकही मत पडले नाही. २०२३ च्या जुलैत तिथल्या संघीय न्यायालयाने सरकारचा निर्णय रद्द केला, मन आधीच बनवून मग विचारल्यासारखे केले ह्या कारणाने. पुढच्याच महिन्यात सरकारने तो बेत सोडला. आपल्याकडच्या जनसुनावण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे कारण चांगले समजेल. जैतापूरची सुनावणी २०१० च्या मे महिन्यात झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पस्तीस अटींसह पर्यावरण परवानगी मिळाली, आणि पुढच्या एप्रिलात साखरी नाट्याचा एक तरुण मच्छीमार पोलिसांच्या गोळीने मेला. सुनावणी झाली होती, ह्याची कागदोपत्री नोंद आहे.

कॅनडाचे उदाहरण सर्वांत ताजे आणि सर्वांत गुंतागुंतीचे. तिथे २०२४ साली इग्नेस हे छोटे नगर आणि वाबिगून लेक ओजिबवे राष्ट्र, दोघांनी होकार दिल्यावरच खोल कोठाराची जागा निवडली गेली. आदिवासींना नकाराचा अधिकार खरोखर होता, म्हणून होकाराला अर्थ आला. पण कोठार एका ठिकाणी आणि भट्ट्या शेकडो मैल दूर, बहुतेक दक्षिण ओंटारियोत. मधल्या महामार्गालगत इतर अनेक आदिवासी राष्ट्रे आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांनी विचारले की त्यांच्या शेजाऱ्याने दिलेला होकार आमच्या रस्त्याला कसा लागू होतो? जागेची संमती आणि वाटेची संमती ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला पहिल्यांदा तिथल्या वादातून स्पष्ट झाले.

आपल्या कायद्यांत तर ही दुसरी गोष्ट औषधालाही नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी मसलत करायला सांगितले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांवर सोपवला, आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. मोठे विजय आहेत हे. पण ते सारे जमिनीविषयी आहेत. ज्याची जमीन जात नाही, फक्त ज्याच्या दारावरून ओझे जाते, तो कायद्याला दिसत नाही. आणि ज्याची जमीनच नाही, तो तर कधीच दिसला नव्हता. पालघर जिल्ह्यातला भूमिहीन वारली आणि नायगावचा भाडेकरू बौद्ध इथे एकाच रांगेत उभे आहेत.

ह्या रांगेत आणखी एक गाव आहे, आणि ते आपल्या चळवळीने तरी विसरू नये. कर्नाटकातले कोलार सोन्याच्या खाणींचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज कंपनीने उत्तर अर्काटातले तामिळ दलित तिथे आणले. तीन किलोमीटरहून खोल उतरून त्यांनी सोने काढले. १९०२ साली खाणीसाठी शिवसमुद्रहून वीज आली, देशातल्या बहुतेक शहरांच्या आधी. रिपब्लिकन पक्षाचा आमदार निवडून देणारे हे गाव होते! २००१ साली खाणी बंद झाल्या. मागे बेकार माणसे आणि सायनाईडच्या मातीचे डोंगर राहिले. ह्याच खाणींत १९८० च्या दशकात अणुशास्त्रज्ञांनी उष्णतेने खडक कसा वागतो ह्याचे प्रयोग केले होते, खोल कोठाराच्या दृष्टीने. २०१२ च्या नोव्हेंबरात कुडनकुलमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे कोठाराच्या संदर्भात कोलारचे नाव निघाले आणि वर्तमानपत्रांतून ते गावात कळले. गाव रस्त्यावर उतरले. काही दिवसांत सरकारने सांगितले की तसा काही बेत नाही. बेत नसेलही. पण ज्यांनी शंभर वर्षे त्या विवरात जीव घातला, त्यांना त्याच विवराचे भवितव्य वर्तमानपत्रातून कळावे? २०१३ च्या निकालात न्यायालयाने खोल कोठार लवकर करा आणि इंधन तिकडे न्या, असे सांगितले. कुठे आणि कुठल्या वाटेने, हे प्रश्न तेव्हापासून तसेच आहेत.

जॉकिन अर्पुथमचा जन्म ह्याच कोलारच्या खाणगावातला. सोन्याच्या खाणीतून निघालेला मुलगा अणुकेंद्राच्या शेजारी येऊन राहिला आणि तिथूनही उठवला गेला. हा योगायोग म्हणून सोडून देणे मला जमत नाही. देशाची नको असलेली माणसे आणि देशाचा नको असलेला कचरा एकाच नकाशाने फिरवले जातात, असे मला वाटते. कोणाला हे अतिरेकी वाटेल. त्याने देवनार, मानखुर्द, जादुगोडा आणि कोलार ही नावे नकाशावर टिंबे करून पाहावीत.

आपल्यातही एक विचार आहे, आणि तो मी टाळणार नाही. आपले काही कार्यकर्ते म्हणतात, पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे खूळ आहे, आपल्याला वीज हवी, नोकऱ्या हव्यात. व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४३ साली विजेच्या धोरणावर जे भाष्य केले, दामोदर खोऱ्याची जी उभारणी केली, ती वाचल्यावर वीज नको असे म्हणणे आपल्याला शोभणारही नाही. मला वीज हवी आहे. माझ्या आईने घासलेटच्या दिव्यावर मला शिकवले. पण त्याच बाबासाहेबांनी वतनाच्या प्रश्नात काम नको असे म्हटले नव्हते. अटी कोण ठरवणार, असे विचारले होते. अणुकचऱ्याच्या बाबतीत विरोध की पाठिंबा, ही फार पुढची गोष्ट आहे. अजून आपण बैठकीलाच बसलेलो नाही. आणि बैठकीला बसण्याआधी शिकावेही लागेल. मायापुरी आणि डुंगरीडीह आपल्या किती शिबिरांत शिकवतात? अणूच्या प्रश्नावर आपली मासिके-त्रैमासिके मुकी राहिली, ती काय कोणी तोंड दाबले म्हणून?

त्या रविवारच्या नंतर आमच्या मंडळाने माहितीच्या अधिकारात एक अर्ज लिहायला घेतला. पहिल्या खर्ड्यात मुलांनी मार्ग, तारीख, वेळ असे सारे विचारले होते. मी म्हटले, हे ते सुरक्षेच्या कलमाखाली देणार नाहीत, आणि सगळेच द्यावे असे मलाही वाटत नाही. मग दोन रविवार वादावादी झाली. एक मुलगी म्हणाली की मार्ग त्यांच्याकडेच राहू द्या, आपण वाटेवरच्या माणसाबद्दल विचारू. अर्ज आता असा झाला आहे: पालघर जिल्ह्यात किरणोत्सर्गी मालाच्या वाहतुकीत अपघात झाला तर काय करायचे, ह्याचे प्रशिक्षण आजवर कोणत्या ग्रामपंचायतींच्या लोकांना दिले? ते कोणत्या भाषेत दिले, आणि वारलीत दिले का? कोणत्या सरकारी दवाखान्यात अशा रुग्णाला घ्यायची सोय आहे? अफवेनेसुद्धा मासळीचा बाजार पडला तर कोळणीला भरपाई कोण देणार? चौथा प्रश्न माहितीच्या अधिकारात बसत नाही, असे मी मुलांना सांगितले. त्यांनी तो काढला नाही.